"बरं हाय" म्हणजे नेमकं किती?

गेल्या रविवारी दुपारी आईनं मशीनवरून हाक मारली, "अगं, तेवढा दोरा ओवून दे." मी ओवून दिला. ही हाक आता आमच्या घरात रोजची आहे. मी घरी नसले तर शेजारची शाळकरी पोर येऊन चार-पाच सुयांमध्ये दोरे ओवून उशीला टोचून ठेवते. मग आईचा दिवस निघतो.

ज्यांनी आईला आधी पाहिलंय त्यांना हे ऐकून कसंतरी होईल. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात तिनं चाळीस वर्षं बायकांची ब्लाउजं शिवली. लाईट गेली तरी अंदाजानं सुईत दोरा ओवणारी बाई. आता सुई बोटात आहे की खाली पडली, हे बघितल्याशिवाय तिला कळत नाही.

आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. जानेवारी २०२२ मध्ये ऑपरेशन, त्यानंतर केमो. आज ती ठणठणीत आहे, रिपोर्ट चांगले आहेत. डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला, हे पहिल्यांदा लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी दवाखान्याला शिव्या घालू नयेत. पण बोटं गेली ती गेली. आणि ती थोडीफार तरी वाचली असती, असं मला वाटतं. कशी, ते सांगण्यासाठी ही पोस्ट. लांब आहे, पण घरात किंवा भावकीत कॅन्सरचा पेशंट असेल तर शेवटपर्यंत वाचा.

तर झालं असं.

आईला दर एकवीस दिवसांनी केमो होती. एक औषध सलाईनमधून, ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं, आणि नंतर चौदा दिवस घरी घ्यायच्या गोळ्या. अशा आठ वेळा. उपचार सरकारी योजनेतून झाले, त्यामुळे पैशाचा मोठा भार नव्हता. प्रत्येक वेळी पहाटेची एसटी, मग रक्त तपासणी, मग ओपीडीची रांग. डॉक्टरांसमोर बसायला मिळायचं दोन-तीन मिनिटं. बाहेर साठ-सत्तर माणसं थांबलेली. त्या माणसाला तरी किती वेळ मिळणार?

डॉक्टर रिपोर्ट बघायचे. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, लिव्हर, किडनी. मग मान वर करून विचारायचे, "काय आजी, कसं वाटतंय?"

आई म्हणायची, "बरं हाय."

झालं. "चला, सलाईन लावून घ्या."

आईची ती फाइल अजून माझ्याकडे आहे. सहा वेळच्या सहा पानांवर डॉक्टरांच्या अक्षरात तोच शेरा आहे, तक्रार नाही.

आता खरं काय होतं ते ऐका. दुसऱ्या केमोनंतर आईला गार पाण्यात हात घातला की बोटांत सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं. सकाळी स्टीलचा तांब्या धरवत नव्हता. गार पाणी प्यायलं की घसा आवळून आल्यासारखा व्हायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर त्या मुंग्या दोन केमोच्या मधल्या दिवसांतही जाईनाशा झाल्या. पायातली चप्पल कधी निसटली हे कळायचं नाही, उंबऱ्यात दोनदा ठेचकाळली. बटणं लागेनात.

हे सगळं तिनं मला सांगितलं नाही. डॉक्टरांना तर नाहीच. आणि मी? मी पतसंस्थेत नोकरी करते, दिवसभर लोकांच्या खात्यांवर रुपया-पैशाचा हिशोब ठेवते. पण आईला एकदाही "बरं म्हणजे किती बरं?" असं विचारलं नाही. ती चहा कपाऐवजी वाटीतून पिते, कपाचा कान तिला धरता येत नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला वाटलं, वयामुळे असेल.

सातव्या केमोच्या दिवशी एक नवीन सिस्टर होत्या. सलाईन लावायच्या आधी त्यांचं लक्ष गेलं. "मावशी, ब्लाउजची हुकं राहिली बघा."

आई म्हणाली, "लागत न्हाईत गं."

सिस्टर थांबल्या. मग त्यांनी एकेक करून विचारलं. गार पाण्यानं त्रास होतो का? बटण लावता येतं का? चालताना पायाखाली गादी असल्यासारखं वाटतं का? रात्री अंधारात तोल जातो का? आई प्रत्येकाला "व्हय" म्हणत गेली आणि मी शेजारी उभी राहून ऐकत गेले. माझ्याच आईच्या अंगात सहा महिने काय चाललंय, हे मला त्या दहा मिनिटांत पहिल्यांदा कळलं.

सिस्टरनी सलाईन लावलं नाही. डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी आईला डोळे मिटायला सांगून पायाच्या बोटांना हात लावून तपासलं. मग म्हणाले, ऑक्झॅलिप्लॅटिन आता बंद, उरलेल्या दोन वेळा फक्त गोळ्या. मला बाजूला घेऊन ते जे बोलले ते मी विसरणार नाही. "हे तिसऱ्या-चौथ्या वेळेला कळलं असतं तर डोस कमी करता आला असता. या औषधानं नसांना इजा होते. औषध थांबवल्यावरही काही महिने ती वाढू शकते."

तसंच झालं. पुढचे तीन-चार महिने बधिरपणा वाढत गेला. नंतर थोडा उतरला, पण पूर्ण गेला नाही.

परत येताना एसटीत मी आईला विचारलं, "का गं सांगितलं नाहीस?" तिनं खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं. "सांगितलं आन् त्यांनी औषधच बंद केलं म्हंजे? मग कॅन्सर पुन्ना आला म्हंजे?" थोड्या वेळानं म्हणाली, "आन् एवढ्या मोठ्या दुखण्यात मुंग्याचं काय सांगायचं. लोकं मराया लागल्यात तितं."

मंडळी, ही काही एकट्या माझ्या आईची गोष्ट नाही. आपल्याकडे "कसं काय, बरं आहे ना?" याचं उत्तर ठरलेलं असतं. तो रामराम असतो. डॉक्टरांनी तो प्रश्न म्हणून विचारला तरी आपल्या माणसाला तो रामराम वाटतो. त्यात उपचार बंद होतील ही भीती, डॉक्टरांचा वेळ खाल्ल्याची लाज, पोरांना घोर नको ही माया. इतकं सगळं एका "बरं हाय"मध्ये बसलेलं असतं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. मी डॉक्टर नाही. पण जे समजलं ते साध्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट. केमोच्या बहुतेक औषधांचा डोस पेशंटची उंची आणि वजन यांवरून काढतात. ही सुरुवात असते. एकाच उंची-वजनाच्या दोन बायकांना तेच औषध तितकंच दिलं तरी एकीला काही होत नाही आणि दुसरीची बोटं बधिर होतात. रक्ताच्या तपासणीत पेशी किती कमी झाल्या हे दिसतं, स्कॅनमध्ये गाठ दिसते. पण मुंग्या, थकवा, मळमळ, झोप न येणं, मन खचणं यांतलं काहीच त्या कागदावर येत नाही. ते एकट्या पेशंटला माहीत असतं. आईलाच हे समजावताना मी म्हटलं, "तू मापं घेऊन ब्लाउज कापायचीस, तरी बाईला घालून बघायला लावायचीसच ना?" ती म्हणाली, "मंग. काखंत काचतंय का नाय, ते टेपला कुठं कळतंय."

दुसरी गोष्ट. पेशंटनं स्वतः सांगितलेली ही माहिती ठरावीक प्रश्नांनी, ठरावीक दिवसांनी, आकड्यांत नोंदवायची आणि तिच्यावरून उपचार बदलायचे, अशी एक पद्धत आहे. इंग्रजीत तिला पेशंट रिपोर्टेड आउटकम्स म्हणतात. मी तिला "पेशंटचा स्वतःचा रिपोर्ट" म्हणते. रक्ताचा रिपोर्ट असतो, स्कॅनचा असतो, तसा हा तिसरा रिपोर्ट.

हा रिपोर्ट नसेल तर किती निसटतं? इटलीतल्या तीन औषधचाचण्यांमधल्या १,०९० पेशंटच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भूक न लागणं, मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ, जुलाब आणि केस गळणं, असे सहा त्रास घेतले. पेशंटनं स्वतःच्या कागदावर त्रास होतो असं लिहिलं होतं, तेव्हा डॉक्टरांच्या कागदावर तो होता का, हे पाहिलं. त्रासागणिक सुमारे ४१ ते ७४ टक्के वेळा डॉक्टरांच्या नोंदीत तो त्रास नव्हताच. आणि या औषधांच्या चाचण्या होत्या, तिथं दुष्परिणाम लिहिणं हे डॉक्टरांचं कामच असतं! म्हणजे आपल्या ओपीडीतल्या दोन मिनिटांत आईच्या मुंग्या निसटल्या, यात नवल नाही.

आणि विचारलं तर काय फरक पडतो? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात डॉ. इथन बाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७६६ पेशंट घेतले. सगळ्यांचा कॅन्सर शरीरात पसरलेला, सगळ्यांची केमो चालू. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीसारखे उपचार. दुसऱ्या गटानं बारा त्रासांबद्दलचे प्रश्न कॉम्प्युटरवर नियमित भरायचे. त्रास जास्त झाला किंवा अचानक वाढला की नर्सला लगेच ईमेल जायची. नर्स फोन करून सल्ला द्यायची, औषध बदलून घ्यायची, गरज असेल तर डोस कमी करायला डॉक्टरांना सांगायची.

एवढंच. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही. वर्षभरात इमर्जन्सीत जावं लागलेले पेशंट नेहमीच्या गटात ४१ टक्के, प्रश्न भरणाऱ्या गटात ३४ टक्के. आणि २०१७ मध्ये त्यांनी जगण्याचे आकडे जाहीर केले. नेहमीच्या गटाचं मध्यमान आयुष्य २६ महिने, प्रश्न भरणाऱ्यांचं ३१.२ महिने.

आता लगेच उड्या मारू नका. हा एकाच मोठ्या रुग्णालयातला अभ्यास आहे, आणि प्रश्न विचारले की आयुष्य वाढतंच असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण पुढे अमेरिकेतल्याच ५२ लहान-मोठ्या केंद्रांमध्ये १,१९१ पेशंटवर असाच अभ्यास झाला. त्याचे २०२२ चे निष्कर्ष सांगतात की दर आठवड्याला प्रश्न भरणाऱ्यांचं हिंडणं-फिरणं, त्रास आटोक्यात असणं आणि जगण्याचा दर्जा, तिन्ही नेहमीच्या गटापेक्षा चांगलं राहिलं. मला तेवढंही पुरेसं आहे.

न्यूयॉर्कच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार आवडली. ज्यांनी आधी कॉम्प्युटर कधी नीट वापरला नव्हता, त्यांना या पद्धतीचा फायदा जास्त झाला. आपल्याकडे पहिला आक्षेप हाच येतो ना, की "आपल्या लोकांना जमणार नाही"? जे स्वतःहून फोन करत नाहीत, जे डॉक्टरांपुढे बोलत नाहीत, त्यांनाच विचारण्याची गरज जास्त असते.

हे सगळं परदेशातलं झालं, असंही कुणी म्हणेल. तर ऐका. युरोपातल्या एका कॅन्सर संशोधन संस्थेचा तीस प्रश्नांचा तक्ता जगभर वापरतात. गेल्या आठवड्यात थकवा होता का, झोप लागली का, दुखण्यामुळे रोजच्या कामात अडथळा आला का, असे प्रश्न. बहुतेकांना उत्तरं चारच, अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. त्याचं मराठी भाषांतर आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तोंड-घशाच्या कॅन्सरच्या पेशंटवर ते हिंदी-मराठीत वापरून, तपासूनही झालंय. म्हणजे प्रश्न आपल्या भाषेत तयार आहेत. ते संशोधनाच्या कपाटातून रोजच्या ओपीडीत यायचे राहिलेत.

पेशंटला काय वाटतं याची दखल घेतली तर उपचार कसे बदलतात, याचंही उदाहरण टाटा मेमोरियलचंच आहे. केमोच्या उलट्या थांबवायला ओलान्झापिन नावाची गोळी देतात. नेहमीचा डोस १० मिलिग्रॅम. त्यानं उलट्या थांबतात, पण माणूस दिवसभर गुंगीत पडून राहतो. तिथल्या डॉक्टरांनी अडीच मिलिग्रॅम देऊन तुलना केली. २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या आणि गुंगी खूप कमी झाली. घरात लहान पोरं असलेल्या, चूल बघणाऱ्या बाईला हा फरक केवढा आहे, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

आता माझा स्वतःचा दुसरा अनुभव.

गेल्या वर्षी माझ्या चुलत्यांना, तात्यांना, तोंडाचा कॅन्सर निघाला. तंबाखू. ऑपरेशन झालं आणि मग रेडिएशन सुरू झालं. या वेळी मी शहाणी झाले होते. एका दोनशे पानी वहीत अकरा प्रश्न लिहिले आणि काकूंना सांगितलं, दर बुधवार-रविवारी विचारायचे, आकडा लिहायचा, डॉक्टरांना वही दाखवायची.

पहिले दोन आठवडे वहीत सगळीकडे शून्य. दुखणं शून्य, तोंड येणं शून्य, झोप चांगली. मला वाटलं, चला, तात्यांना मानवलं. वही आईनं बघितली आणि म्हणाली, "हे खोटं हाय." मग आईनंच फोन हातात घेतला. काकूंना बाहेर जायला सांगायला लावलं आणि तात्यांना म्हणाली, "भावजी, मी असंच बरं हाय, बरं हाय म्हणत बोटं घालवून बसलीया. आता खरा आकडा सांगा."

दुखणं आठ निघालं. तोंडात फोड आले होते, थुंकी गिळवत नव्हती. पेज तेवढी जात होती. रात्री तीनला उठून अंगणात फेऱ्या मारायचे, काकूंना कळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो आठ आकडा घेऊन मी रेडिएशन विभागात गेले. "तात्यांना त्रास होतोय" म्हटलं असतं तर "होणारच, रेडिएशन आहे" असं उत्तर मिळालं असतं. कारण ते खरंच होतं. पण "दहापैकी आठ, तीन रात्री झोप नाही, दोन आठवड्यांत वजन चार किलो कमी" असं म्हटल्यावर डॉक्टरांनी त्याच दिवशी मॉर्फिन लिहून दिलं आणि नाकातून नळी घालायची का यावर बोलणं केलं. तात्या आधी मॉर्फिनला घाबरले. त्यांना वाटलं, ते शेवटच्या पेशंटला देतात. डॉक्टरांनी समजावलं, दुखतंय म्हणून देतोय, दुखायचं थांबलं की बंद करू. तसंच झालं. रेडिएशनमध्ये एकही दिवस खंड पडला नाही.

यातून एक शिकले. वही आपोआप खरं बोलत नाही. कोण विचारतंय, कुणासमोर विचारतंय, यावर उत्तर ठरतं. बायको समोर असताना तात्या बोलले नाहीत, आणि मी समोर असताना आई बोलली नव्हती.

आणखी एक. दोघांना जपायचं होतं ते वेगळं होतं. आईला बोटं हवी होती, तात्यांना रात्रीची झोप. कुणा गायकाला आवाज हवा असेल, कुणा गवंड्याला पायातलं बळ. आईचा कॅन्सर परत येण्याचा धोका जास्त होता, म्हणून पूर्ण सहा महिन्यांचा कोर्स ठरला होता, आणि डॉक्टर म्हणतात तो निर्णय बरोबर होता. मान्य. पण "मावशी, तुमचं पोट कशावर चालतं?" हे कुणी पहिल्या दिवशी विचारलं असतं, तर शिलाईवर चालतं हे कळलं असतं आणि बोटांवर लक्ष राहिलं असतं.

आता सार्वजनिक मुद्दा. केंद्र सरकारनं २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलंय की येत्या तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे केअर केंद्रं उभी करणार, त्यातली दोनशे त्याच वर्षी. चांगली गोष्ट आहे. केमोसाठी मुंबई-पुण्याची वारी वाचेल. पण केंद्र म्हणजे काय असेल? खुर्च्या, सलाईनचे स्टँड, औषधांचं कपाट आणि पुन्हा दोन मिनिटांचं "कसं वाटतंय"?

माझं म्हणणं आहे की ही केंद्रं सुरू होतानाच पहिल्या दिवसापासून चार गोष्टी असाव्यात. प्रत्येक पेशंटच्या फाइलला मराठीतला प्रश्नांचा एक कागद. तो भरून घेणारी एक ठरलेली नर्स, रांगेत थांबलेल्या वेळातच, शक्यतो पेशंटला एकटं घेऊन. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांच्या बोलीत विचारायचं. दोन केमोंच्या मध्ये एक फोन. आणि कुठला आकडा आला की काय करायचं, कुणाला कळवायचं, याचा भिंतीवर लावलेला नियम.

ॲप काढू नका, अशी हात जोडून विनंती. म्हणजे काढा, पण पलीकडे वाचणारं माणूस नसेल तर काढू नका. न्यूयॉर्कच्या अभ्यासातही कॉम्प्युटरनं फक्त निरोप पोहोचवला, काम नर्सनं केलं. विचारून घ्यायचं आणि मग काहीच करायचं नाही, यापेक्षा न विचारलेलं परवडलं. एकदा तसं झालं की माणूस पुन्हा "बरं हाय"वर जातो.

डॉक्टरांचा वेळ जाईल, हा आक्षेप मी डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलाय. तो खरा आहे, म्हणूनच नर्सची जागा मंजूर करून मागा म्हणते. पण भरलेला कागद समोर असला तर त्याच दोन मिनिटांत मुद्द्याचं बोलणं होतं, हे मी तात्यांच्या वेळी बघितलंय.

सरकार करेल तेव्हा करेल. तुमच्या घरात आज पेशंट असेल तर उद्यापासून हे करा. वही घ्या. आठवड्यातून दोनदा विचारा.

१. दुखणं ० ते १० मध्ये किती? कुठं?
२. मळमळ, उलटी? दिवसातून किती वेळा?
३. जेवण नेहमीच्या किती? पूर्ण, अर्धं, पाव?
४. जुलाब किती वेळा? की पोट साफच होत नाही?
५. तोंड आलंय का? गिळताना त्रास?
६. हातापायाला मुंग्या, बधिरपणा? हुक, बटण, चप्पल जमते का?
७. दिवसातला किती वेळ पडून जातो?
८. झोप?
९. चालताना धाप लागते का?
१०. मन कसं आहे? भीती, रडू, कशातच रस नसणं?
११. या आठवड्यात करायचं होतं आणि जमलं नाही, असं काम कुठलं?

अकरावा प्रश्न आईनं घातलाय. तो सगळ्यात महत्त्वाचा आहे असं तिचं मत आहे.

दोन सूचना. केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर वहीत लिहीत बसू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि वही बघून स्वतःच्या मनानं औषध बंद किंवा कमी करू नका. वही डॉक्टरांसाठी आहे. त्रास सांगितला म्हणून डॉक्टर उपचार सोडून देत नाहीत. डोस कमी करणं, तारीख पुढे ढकलणं, जोडीला दुसरं औषध देणं, असे बरेच मार्ग त्यांच्याकडे असतात. आईला हे माहीत नव्हतं. तुमच्या पेशंटला आजच सांगा.

आई आता कटोरी ब्लाउज घेत नाही. साडीला फॉल, पिको आणि साधी उसवण एवढंच. हुकं लावायचं काम शेजारच्या पोरीला शिकवलंय, त्याचे पैसे तिला देते. परवा रात्री ही पोस्ट तिला वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली. मी विचारलं, "टाकू का? तुझं सगळं लिहिलंय." म्हणाली, "टाक की. पर त्या सिस्टरचं चांगलं लिहिलंस न्हवं?"

लिहिलंय.

वहीच्या पानाचा फोटो ज्यांना हवा त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते. आणि आपल्या जिल्हा रुग्णालयात डे केअर केंद्राचं काम कुठवर आलंय, हे कुणाला नक्की माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा. दहा-पंधरा जण मिळून निवेदन द्यायला जाऊ. आई येते म्हणाली आहे.